जुन्या गाडीच्या टेललाइटवर उडालेला पेंट काढताना: आधी काय, नंतर काय, आणि थिनर का नाही

जुनी पद्मिनी किंवा अँबॅसेडर पेंटरकडून घरी आली की पहिल्या दिवशी आपण नुसती चकाकी बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना टेललाइटवरून हात फिरतो आणि बोटांना रवा लागल्यासारखं वाटतं. नीट पाहिलं तर लाल काचेवर बारीक पांढरे ठिपके दिसतात, कडेला पट्टी चिकटवलेली होती तिथे पेंटची रेघ असते. पेंटरला फोन लावला तर उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही होत भाऊ, फडक्याले थिनर लावा अन् पुसून टाका."

मी लावलं. गाडी पांढरी होती, फडकं मात्र गुलाबी झालं. दोन सेकंद मला वाटलं घाण निघते आहे. मग लक्षात आलं की हा रंग पेंटचा नाही, टेललाइटचा आहे. काचच विरघळून फडक्यावर येते आहे. फडकं उचललं तेव्हा तेवढ्या जागी बर्फाच्या लादीसारखं पांढुरकं झालं होतं, आणि स्क्रूच्या भोकाभोवती केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. चूक माझी होती, आणि तीच चूक मी दर दोन महिन्यांनी कोणाच्या तरी गाडीवर बघतो.

गोंधळ शब्दापासून सुरू होतो. आपण म्हणतो टेललाइटची "काच", इंडिकेटरची "काच". म्हणून तिला काचेसारखंच वागवतो: थिनर, ब्लेड, नाहीतर भांडी घासायचा हिरवा स्क्रबर. जुन्या गाड्यांच्या टेललाइटची काच बहुतेक अॅक्रिलिक प्लास्टिकची असते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं ज्याची असतात, तेच अॅक्रिलिक. पाट्या बनवणारे अॅक्रिलिकचे तुकडे क्लोरोफॉर्मने चिकटवतात. तो काही गोंद नव्हे. दोन्ही कडा थोड्या विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर एकजीव होतात. थिनरमधले टोल्युइन, अॅसिटोन यांसारखे घटक टेललाइटवर हेच काम करतात, फक्त आपल्याला नको असताना.

इथे सगळा प्रश्न क्रमाचा आहे. सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची आणि जिथे काम झालं तिथे थांबायचं. मी पाहिलेल्या काचा खराब झाल्या त्या बहुतेक सौम्य टप्पे गाळून थेट थिनरवर किंवा पाचव्या, घासण्याच्या टप्प्यावर उडी मारल्यामुळे.

आधी ओळखा: खरी काच की प्लास्टिक

पद्मिनी, अँबॅसेडरच्या मूळ गोल हेडलाइटची काच खरीच काच असते. तिच्यावरचा पेंट साबणाच्या पाण्यात भिजवून नव्या ब्लेडने, ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडला तरी चालतो. त्यावर आणखी लिहायची गरज नाही.

मागचे दिवे, इंडिकेटर, साइडचे छोटे दिवे आणि रिफ्लेक्टर हे मात्र प्लास्टिक धरूनच चालायचं. शंका असेल तर नखाने टिचकी मारा. काच "टण" वाजते, प्लास्टिक "टक". सावलीतली काच गालाला लावली तर गार लागते, प्लास्टिक तेवढं लागत नाही. काच उतरवल्यावर आतल्या कडेला बारीक अक्षरं कोरलेली दिसली तर तीही वाचा: पीएमएमए म्हणजे अॅक्रिलिक, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. जुन्या मालावर ही अक्षरं बहुधा नसतातच.

कोणी नंतर नव्या धाटणीचे प्लास्टिकचे हेडलाइट बसवले असतील तर ते पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. त्यांच्यासाठी या लेखातले पहिले चार टप्पेच वापरा. वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) मारला की तो थर जातो आणि काही महिन्यांत हेडलाइट पिवळे पडायला लागतात.

या वस्तू काचेजवळही आणू नका

ड्युकोचं (गाडीच्या लवकर सुकणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पेंटचं) थिनर, टूके पेंटचं (हार्डनर, म्हणजे पेंट कडक करणारं रसायन मिसळून मारायच्या पेंटचं) थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेंट रिमूव्हर, पेट्रोल. यांतलं काहीच नको, "थोडंसं, पटकन" सुद्धा नको.

सॅनिटायझर आणि स्पिरिट फसवे असतात. सुट्या काचेवर कदाचित काही होणार नाही. पण स्क्रूने ताणून बसवलेल्या अॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं तर जिथे ताण जास्त तिथे, म्हणजे भोकांभोवती, चिरा फुटतात. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. अमोनियावाला ग्लास क्लीनर त्याच यादीत घाला.

ब्रेक ऑइलने पेंट निघतो असं सांगणारे भेटतात. निघतो, खरं आहे. शेजारच्या पत्र्यावरचा नवा पेंटही निघतो.

सामान आणि जागा

सामान फार नाही:

- भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी, दोन बादल्या
- तीन-चार मऊ मायक्रोफायबर कापडं, शक्यतो नवी
- गाडीचा क्लेचा गोळा (चिकटलेले कण उचलून घेणारा, मळलेल्या मातीसारखा मऊ गोळा), बारीक दर्जाचा
- पावभर रॉकेल. न मिळाल्यास पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे आपलं तारपीन
- कानातल्या कापसाच्या काड्या, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, टूथपिक
- वॉटर पेपर: १५००, २०००, ३००० नंबर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक)
- एक मोठं खोडरबर
- प्लास्टिकसाठीचं पॉलिश
- हातमोजे आणि मास्क

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या पेंट-हार्डवेअरच्या दुकानांत यातलं बरंच मिळतं. वॉटर पेपर घेताना मात्र तोंडी "एकदम बारीक द्या" म्हणू नका. दुकानदाराच्या लेखी ४०० सुद्धा बारीक असतो, कारण लांबी (पुटी) घासायला तो बारीकच आहे. पेपरच्या मागे छापलेला नंबर स्वतः वाचून घ्या.

जागा सावलीची हवी. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५च्या वर असताना, अंगणात हे काम करू नका. साबणाचं पाणी दोन मिनिटांत सुकतं, आणि सुकलेल्या साबणावर घासणं म्हणजे ओरखडे काढणं. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) करायचंच असेल तर सकाळी सातच्या आत, काच रात्रभर घरात ठेवून. आणखी एक: कूलरसमोर बसू नका. मला तो मोह आवरला नव्हता. कूलरच्या वाऱ्याबरोबर गवताच्या पॅडची भुकटी आणि धूळ उडते, ती ओल्या काचेवर बसते आणि पॉलिश करताना कापडाखाली सापडते. घामेजून काम करावं लागेल, इलाज नाही.

चार दिव्यांना अर्धा दिवस धरा. संध्याकाळी लग्नाला गाडी न्यायची असेल तर आज सुरू करू नका.

टप्पा १: काच उतरवा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात. "उतरवायला कशाला पाहिजे, जागेवरच पुसू." उतरवायची तीन कारणं आहेत. स्क्रूचा ताण निघतो, त्यामुळे चिरा पडायची भीती कमी होते. शेजारचा नवा पेंट अजून पुरता मुरलेला नसतो, त्याला रॉकेल किंवा पेपर लागत नाही. आणि काचेच्या मागे, रबराच्या कडेला काय चाललं आहे ते दिसतं.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कोणती काच डावी, कोणता स्क्रू लांब, हे नंतर आठवत नाही.

३. स्क्रूच्या खाचेत पेंट भरलेला असेल तर आधी टूथपिकने किंवा सुईने खाच साफ करा. पेंट भरलेल्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि थेट काचेवर ओरखडा काढतो.

४. गंजलेल्या स्क्रूला गंज सोडवणारं तेल कापसाच्या काडीने लावा, स्प्रे मारू नका. पंधरा मिनिटं थांबा. स्क्रू आधी किंचित आवळून मग सोडवला की सहज सुटतो.

५. काच आणि पत्रा यांच्या सांध्यावर पेंटचा सलग पापुद्रा धरलेला असेल तर कटरने सांध्यावरून हलकी रेघ मारा. तसंच ओढलं तर पत्र्यावरच्या पेंटचा टवका निघतो, आणि मग पेंटरकडे दुसरी फेरी.

६. काच ओढू नका. मागून बोटाने ढकला, चारही बाजूंनी थोडं थोडं. जुनं रबर चिकटलेलं असतं.

काही गाड्यांत काच आणि मागचा डबा चिकटवलेले असतात. तिथे अख्खा दिवा काढा, बल्ब बाहेर घ्या, होल्डरची भोकं टेपने बंद करा.

तपासा: काच उजेडासमोर धरा. भोकाभोवती चिरा आधीपासूनच आहेत का? असतील तर त्या काचेवर रॉकेल नको, साबण आणि क्ले एवढ्यावरच भागवा.

टप्पा २: धुवा, मग फवारा कसा बसला आहे ते बघा

एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. काच दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग बोटांनी धुवा. कापड नाही, ब्रश नाही, नुसती बोटं. धूळ आधी निघायला हवी. ती राहिली तर पुढच्या प्रत्येक टप्प्यात तीच काच घासत राहते. खाचांत जुना टूथब्रश चालेल, मऊवाला.

बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा. सुकल्यावर उरणारे क्षारांचे पांढरे डाग आणि पांढऱ्या पेंटचे ठिपके यांत फरक कळत नाही. मी एकदा वीस मिनिटं क्षार घासत बसलो होतो.

काच सुकली की हात एका पातळ पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि बोटं काचेवरून फिरवा. पिशवीतून खरखर कितीतरी जास्त जाणवते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या जागीही रवा लागेल. ही पिशवीची चाचणी प्रत्येक टप्प्यानंतर करायची आहे.

आता फवारा कोणता ते ठरवा.

कोरडा फवारा: बंदुकीतून निघालेला पेंट हवेतच अर्धा सुकून काचेवर पडतो. ठिपके सुटे, उठावाचे, नखाने एखादा उडतो. हा काचेवर नुसता बसलेला असतो. बहुतेक काम टप्पा ३ मध्येच होतं.

ओला थर: मास्किंगच्या पट्टीखालून झिरपलेला किंवा जवळून मारताना थेट लागलेला पेंट. सलग, गुळगुळीत, कडेला जाडसर. यातलं थिनर ओलं असतानाच काचेला थोडं चावलेलं असतं. पेंट निघाल्यावरही खाली पुसट डाग राहू शकतो, तो टप्पा ५ आणि ६ मध्ये जातो.

गाडीला कोणता पेंट मारला हेही पेंटरला विचारून ठेवा. इनॅमल ताजा असेल तर रॉकेलने मऊ पडतो. ड्युको आणि टूके एकदा सुकले की रॉकेलला दाद देत नाहीत. तिथे क्ले आणि पेपरच. टूकेत हार्डनर असतं, म्हणून उशीर करू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत तो जितका सहज निघतो तितका महिन्याभराने निघत नाही.

टप्पा ३: क्ले

क्लेची लिंबाएवढी गोळी घ्या, हातात मळा, चपटी करून अर्ध्या पुरीएवढी करा. काच साबणाच्या पाण्याने ओलीचिंब ठेवा. क्ले काचेवर ठेवून सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, दाब जवळजवळ शून्य. सुरुवातीला क्ले अडखळते आणि खरखर आवाज येतो. दहा-बारा फेऱ्यांनी आवाज कमी होत जातो आणि क्ले घसरायला लागते. तिथे थांबा, पुसा, पिशवीची चाचणी करा.

दर दोन-तीन मिनिटांनी क्ले उलटून बघा. त्यावर पेंटचे ठिपके अडकलेले दिसतात. दुमडा, मळा, स्वच्छ बाजू बाहेर आणा.

सावधान: क्ले जमिनीवर पडली तर ती फेकून द्या. तीनशे-चारशे रुपयांची क्ले फेकताना जीव जातो हे मला माहीत आहे. पण फरशीवरचा एक वाळूचा कण तिच्यात गेला की ती क्ले राहत नाही, पॉलिश पेपर होते.

इथली नेहमीची चूक म्हणजे कोरड्या काचेवर क्ले फिरवणं. ती चिकटते, तिचे तुकडे काचेच्या धाऱ्यांत बसतात, आणि ते काढणं पेंट काढण्याहून कटकटीचं.

कोरडा फवारा असेल तर दहापैकी सात-आठ वेळा माझं काम इथेच संपलं आहे. तसं झालं तर सरळ टप्पा ६ वर जा. हातात वॉटर पेपर आहे म्हणून मारायलाच हवा असं नाही.

टप्पा ४: रॉकेल, आणि खाचांमधला पेंट

आधी चाचणी. काचेच्या आतल्या बाजूला, पत्र्याखाली झाकली जाणारी कड शोधा. कापसाची काडी रॉकेलमध्ये बुडवून तिथे अर्धा मिनिट धरा, मग पुसा. तीन गोष्टी बघा: काडीला काचेचा रंग लागला का, ती जागा बोटाला चिकट लागते का, ती पांढुरकी झाली का. तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तरच पुढे. तारपिनाची चाचणी तर नक्कीच करा, कारण त्यात कोणता माल किती शुद्ध येतो ते डबा बघून कळत नाही.

१. मऊ कापडाचा कोपरा रॉकेलने ओला करा, निथळता नको.

२. पेंटच्या जागेवर अर्धा-एक मिनिट ठेवा. घासू नका.

३. एका दिशेने पुसा. मास्किंग टेपचा गोंद राहिला असेल तर तोही इथेच निघतो.

४. लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. रॉकेल काचेवर ठेवून चहाला जाऊ नका.

५. लागलंच तर पुन्हा करा, पण दोन-तीन वेळांपलीकडे नाही. तेवढ्यात न हललेला पेंट रॉकेलने हलणार नाही.

जुन्या दिव्यांच्या काचेवर बाहेरून उभ्या-आडव्या धारी असतात, कोपऱ्यात कंपनीची अक्षरं असतात. तिथे कापड पोचत नाही. आइस्क्रीमची काडी कटरने छिन्नीसारखी तासा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि धारीच्या दिशेने ढकला. लाकूड अॅक्रिलिकपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. सपाट जागी जाड कडेखाली जुनं एटीएम कार्ड घालून पापुद्रा उचलता येतो. स्टीलचं काहीही नको, ब्लेड तर नकोच: अॅक्रिलिक मऊ असतं, ब्लेडचा कोपरा त्यात रुततो आणि ती रेघ कायमची राहते.

काचेभोवती चंदेरी पट्टी असेल तर तिच्यावर फार वेळ घालवू नका. प्लास्टिकवरचा तो मुलामा फार पातळ असतो. साबण, नख, बस.

तपासा: कापडाला पेंटचा रंग येतो आहे की काचेचा? काचेचा आला, लाल काचेवर गुलाबी किंवा इंडिकेटरवर केशरी, की त्या क्षणी थांबा आणि धुवा.

रॉकेलची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बाहेर मोकळी वाळवा, देवघरापासून लांब.

टप्पा ५: वॉटर पेपर (फक्त गरज असेल तिथे)

इथपर्यंत सगळं परत फिरवता येत होतं. इथून पुढे तुम्ही काचेचा थर घासून काढता आहात. म्हणून उरलेला पेंट खरंच दिसतो का, हे आधी विचारा. पाच फुटांवरून दिसत नसेल तर मी सोडून देतो.

पेपरचे दोन बाय तीन इंचाचे तुकडे कापा आणि पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यात भिजवा. कोरडा पेपर कडक असतो, त्याचे कोपरे काचेवर रेघा मारतात. सपाट जागेसाठी तुकडा खोडरबराभोवती गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या टोकांखाली जास्त दाब येतो आणि काचेवर लाटा उमटतात. दिवा लागला की त्या दिसतात. गोलाईवर खोडरबराऐवजी स्पंजचा पातळ तुकडा घ्या.

१. १५०० नंबर, फक्त पेंटच्या जागेवर, सरळ रेषेत, हलक्या हाताने. गोल गोल नाही. दर दहा-पंधरा हातांनी पाणी घाला.

२. पाण्याचा रंग बघत राहा. हा या टप्प्याचा सगळ्यात उपयोगी भाग आहे. पांढरा पेंट असेल तर आधी दुधाळ पाणी येतं. पेंट संपला की लाल काचेवर पाणी गुलाबीसर होतं, म्हणजे आता तुम्ही काच घासता आहात. थांबा. गाडीच लाल असेल तर ही खूण चालत नाही. तिथे दर दहा हातांनी पुसून तिरप्या उजेडात बघावं लागतं.

३. धुवा. काच, खोडरबर, हात, आणि पाणी बदला. दोन बादल्या त्यासाठीच आहेत. १५००चा एक कण २०००च्या पाण्यात गेला तर पुढची सगळी मेहनत वाया.

४. २००० नंबर, आधीच्या रेघांना काटकोनात, आणि आधीपेक्षा बोटभर जास्त जागेवर. आधीच्या दिशेच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढे.

५. ३००० नंबर, पुन्हा दिशा बदलून. आता काच एकसारखी धुरकट दिसली पाहिजे, दव पडल्यासारखी. एखादी वेगळी रेघ दिसली तर ३०००ने ती जाणार नाही, एक नंबर मागे जा.

धुरकट काच बघून घाबरून लोक इथेच पुन्हा खरखरीत पेपर घेतात. नका घेऊ. धुरकट व्हायलाच हवी, पॉलिशने ती मोकळी होते.

सावधान: काचेच्या मागच्या बाजूला पेपर कधीही नाही. तिथले बारीक चौकटी-त्रिकोणी दाणे उजेड पसरवतात. रिफ्लेक्टरच्या भागात तर मागून येणाऱ्या गाडीचा उजेड तेच परत फिरवतात. ते घासले गेले की काच दिसते छान, पण रात्री रस्त्यावर उभी असलेली गाडी मागच्याला दिसत नाही. मागे पेंटचा धुरळा गेलाच असेल तर साबण आणि टूथब्रशने निघेल तेवढा काढा, उरलेला राहू द्या.

पेंटची भुकटी कोरडी उडू देऊ नका. जुन्या पेंटच्या थरांत शिसं असू शकतं आणि टूकेची भुकटीही छातीला चांगली नाही. पाणी वाहतं ठेवा, मास्क लावा, ते पाणी कुंड्यांना घालू नका.

टप्पा ६: पॉलिश

हाताने करा. ड्रिलला फोम पॅड लावून हळू वेगात जमतं, पण सराव हवा. ग्राइंडरला पॅड लावून तर अजिबात नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,०००च्या आसपास फिरतो. तेवढ्या घर्षणाने अॅक्रिलिक तापून मऊ पडतं आणि पॅडच्या वळ्या काचेवर छापल्या जातात. पेंटरच्या दुकानात "बफिंग मारून देतो" म्हणाले तर काच परत मागून घ्या.

वाटाण्याएवढं पॉलिश ओलसर मऊ कापडावर. छोट्या भागात, दोन-तीन मिनिटं, आधी जरा दाबून आणि मग दाब कमी करत. पॉलिश पूर्ण सुकण्याआधी दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुसा. ३०००पर्यंत नीट गेला असाल तर तीन-चार वेळा करून काच मोकळी होते. सहाव्यांदाही धुरकट राहिली, तर टप्पा ५ मध्ये कुठे तरी घाई झाली आहे. पॉलिश वाढवून उपयोग नाही, २०००वर परत जा.

टूथपेस्टचं सगळे विचारतात. पांढरी पेस्ट किरकोळ ओरखड्यावर थोडं काम करते, पण कोणत्या पेस्टमध्ये किती खर आहे ते सांगता येत नाही. पत्र्याच्या रबिंग कंपाउंडचा जाडा डबाही इथे नको.

तपासा: काच धुवा, सुकवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. समोरून एकदा, तिरपं एकदा. पेंटचा राहिलेला ठिपका टॉर्चसमोर काळा दिसतो, ओरखडा चमकतो.

टप्पा ७: परत बसवताना

इथे काच वाचते पण दिवा बिघडतो.

डब्याच्या कडेला, स्क्रू जिथे पत्र्याला टेकतो तिथे, पेंट बसलेला असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत दिव्याचं अर्थिंग त्याच स्क्रूतून जातं. पेंट मध्ये आला की अर्थिंग तुटतं, आणि मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो. मालक वायरिंगवाल्याकडे धावतो. दोष पेंटचा असतो. तेवढी रुपयाएवढी जागा पेपरने घासून पत्रा उघडा करा आणि बसवताना थोडं ग्रीस लावा.

रबर कडक झालं असेल तर नवं घ्या. मिळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापता येतं. जाडी चारही बाजूंनी सारखी ठेवा. डब्याच्या तळाला पाणी जायचं छोटं भोक असतं. ते पेंटने बुजलं असेल तर टूथपिकने मोकळं करा, नाहीतर जुलैत टेललाइटमध्ये पाणी साचलेलं दिसेल.

बल्ब मूळ वॅटचेच: ब्रेक आणि टेलच्या जोड बल्बला २१/५ वॅट. जास्त वॅटचा बल्ब घातला तर त्याच्या उष्णतेने काच आतून मऊ पडून फुगते.

स्क्रू आधी सगळे बोटांनी लावा, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. रबर किंचित दबलं की एक पाव फेरा, आणि बस. जोर लावून आवळलेला स्क्रू आज काही करत नाही. मेमध्ये काच तापून फुगते, जागा नसते, आणि भोकापाशी तडकते.

बॅटरी जोडा, संध्याकाळी कोणाला तरी मागे उभं करून टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर एकेक आणि मग एकत्र लावून बघा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावं लागतंच, तिथे दिवे तपासले जातात.

थिनर आधीच लागून गेलं असेल तर

वरवर पांढुरकं झालं असेल आणि नखाला चीर लागत नसेल तर आशा आहे. काच दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. मऊ पडलेला थर घट्ट होईपर्यंत हात लावू नका. बहुतेक जण लगेच घासायला घेतात आणि बोटांचे ठसे कायमचे उमटवतात. मग टप्पा ५, १५००पासून.

आतपर्यंत गेलेल्या केसासारख्या चिरा निघत नाहीत. घासाल तितक्या खोल दिसतात. अशी काच जुन्या पार्टच्या दुकानांत शोधा, आणि मिळाली तर जोडीच घ्या. नवी लाल आणि चाळीस वर्षं उन्हात उभी राहिलेली लाल शेजारी शेजारी जुळत नाही.

पुढच्या वेळी गाडी रंगाला देताना काचा काढूनच द्या. पेंटर म्हणेल, "राहू द्या नं भाऊ, पेपर लावतो." वर्तमानपत्रातून थिनर झिरपतं, कधी कधी शाई काचेवर उमटते. काढणं शक्यच नसेल तर टेप आणि जाड पॉलिथिन लावायला सांगा, आणि त्याच दिवशी काढून घ्यायला लावा.

माझी ती गुलाबी फडक्यावाली काच अजून ड्रॉवरमध्ये आहे. नवं पॉलिश, नवं क्लीनर, कोणी सांगितलेला नवा उपाय, जे काही येईल ते आधी तिच्या कोपऱ्यावर लावतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी बघतो.